पेशंट शर्टाची बटणं लावतोय तेवढ्यात रिपोर्ट आला, तर पुढे काय?

प्रश्न: एक्सरे_खोली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, लिहायची ही पहिलीच वेळ. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी एक्स-रे टेक्निशियन आहे, 19 वर्षं झाली. रुग्णालय छोटं आहे. रेडिऑलॉजिस्ट आमच्याकडे बसत नाहीत. दिवसभरात काढलेल्या छातीच्या फिल्म दुसरीकडे जातात आणि रिपोर्ट यायला 3 दिवस लागतात, मध्ये सुट्टी आली तर 5. तोवर पेशंट घरी गेलेला असतो. ज्याच्या रिपोर्टमध्ये काही निघतं त्याला फोन जातो. कधी नंबरच चुकीचा असतो, कधी कुणी उचलत नाही, आणि उचलला तरी "आता बरं वाटतंय, बघू" असं उत्तर मिळतं. त्यातले किती परत येतात हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. माझा अंदाज विचाराल तर, सगळे नक्कीच येत नाहीत.

आता आमच्याकडे छातीचे एक्स-रे वाचणारं सॉफ्टवेअर येणार आहे, मुख्यतः टीबीसाठी. फिल्म काढली की मिनिटभरात 0 ते 100 मधला एक गुण देतं आणि जिथे संशय येतो तिथे लाल-पिवळा डाग उठवतं. एक आठवडा चाचणीपुरतं लावून गेले होते. त्या आठवड्यातल्या दोन गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट माझ्या चुकीची. खोकल्याची तक्रार घेऊन एक तरुण मुलगी आली होती. बाहेर गर्दी, मी घाईत. यंत्रानं गुण दिला 71 आणि उजव्या फुप्फुसाच्या शेंड्यावर लालभडक डाग. छातीत धस्स झालं. मग नीट पाहिलं तर ओली, घट्ट घातलेली वेणी खांद्यावरून पुढे आली होती. केस वर बांधायला सांगायचे हे मी शिकाऊ असताना पहिल्या आठवड्यात शिकले होते आणि नेमकं तेच विसरले. वेणी डोक्यावर गुंडाळून पुन्हा फिल्म काढली. गुण आला 9. एका वेणीनं त्या पोरीला दुसऱ्यांदा किरण घ्यायला लावले.

दुसरी गोष्ट एका आजोबांची. हर्नियाच्या ऑपरेशनपूर्वीची तपासणी म्हणून आले होते. खोकला नाही, ताप नाही. अशा फिल्म आमच्याकडे गठ्ठ्याच्या तळाशी जातात, त्या शेवटी वाचल्या जातात. गुण आला 88. हाडाच्या मागे काहीतरी पुसट दिसत होतं, मला एकटीला ते दिसलं असतं असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. आजोबा पडद्याआड शर्टाची बटणं लावत होते. बोटं थरथरत होती म्हणून वेळ लागत होता. तेवढ्यात मी डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी बघितलं, बेडक्याची डबी तिथेच हातात दिली. दुसऱ्या दिवशी कळलं, टीबीच होता. बटणं पटापट लावणारा माणूस असता तर तोवर फाटकाबाहेर गेला असता.

तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय. फिल्म वाचून होते तेव्हा माणूस अजून इमारतीतच आहे, ही गोष्ट माझ्या नोकरीत आजवर कधी घडली नव्हती. पण मिनिटात आलेला तो गुण ऐकायला समोर कोण आहे? डॉक्टर ओपीडीत 60 पेशंटमध्ये अडकलेले. लॅब दुपारी बेडका घ्यायचं बंद करते. आणि मी तर निदान सांगायचंच नाही, तसा नियमच आहे. 19 वर्षं चेहरा कोरा ठेवायची सवय केली आहे, कारण पेशंट फिल्म बघत नाही, टेक्निशियनचा चेहरा बघतो. आता माझ्या मागच्या काचेत लाल डागाचं प्रतिबिंब पडेल, त्याचं काय करू?

ज्यांनी हे प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी सांगा. उपचार मिळण्याची पद्धत खरंच बदलते, की फक्त रिपोर्ट लवकर येतो आणि रांग तीच राहते? आणि तो गुण कितीच्या वर गेला की घाबरायचं, हे कोण ठरवतं?

प्रतिसाद 1: काळी_पांढरी_सावली

ताई, मी रेडिऑलॉजिस्ट. म्हणजे तुमच्या फिल्म जिथे 3 दिवस पडून राहतात तिथे बसणारा माणूस. गुन्हा कबूल.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथेच सगळी मेख आहे. गुणाची रेषा यंत्र ठरवत नाही, आपण ठरवायची असते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये 15 वर्षं आणि त्यावरच्या लोकांत टीबीच्या चाळणीसाठी छातीचा डिजिटल एक्स-रे माणसाऐवजी सॉफ्टवेअरनं वाचायला मान्यता दिली. (वय लक्षात ठेवा. लहान मुलांच्या फिल्म त्याला दाखवू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.) पण कुठला गुण 'संशयित' धरायचा ते आपल्याकडचे पेशंट आणि आपली पुढची तपासणी बघून ठरवावं लागतं. कंपनीनं दिलेला आकडा ही फक्त सुरुवात.

का, ते हिशोबानं सांगतो. समजा यंत्र 100 आजाऱ्यांपैकी 90 पकडतं आणि 100 निरोग्यांपैकी 90 जणांना बरोबर सोडतं. ऐकायला झकास. आता 1000 धडधाकट दिसणारी माणसं रांगेत उभी करा, त्यातल्या 10 जणांना आजार आहे. यंत्र 9 पकडेल. उरलेल्या 990 पैकी 99 जणांना उगाच थांबवेल. म्हणजे लाल डाग पडलेल्या दर 12 माणसांमागे खरा आजारी 1. आता तेच यंत्र महिनाभर खोकणाऱ्या 1000 लोकांना लावा, त्यात समजा 200 आजारी आहेत. 180 सापडतील, 80 उगाच अडकतील. इथे डाग पडलेल्या 10 पैकी 7 खरे. यंत्रात एका स्क्रूचाही फरक नाही, बदलली ती रांग. तुमच्या आजोबांसारखे, लक्षण नसलेले लोक सरसकट तपासायचे असतील तर दर खऱ्यामागे 11 जणांना काय सांगायचं, हे आधी ठरवा.

आता गठ्ठ्याच्या तळाबद्दल. माझ्या मते खरा बदल तिथेच आहे. 2016 मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेतले नामवंत शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन म्हणाले होते की रेडिऑलॉजिस्ट तयार करणं आता थांबवायला हवं, 5 वर्षांत यंत्रं आमच्यापेक्षा चांगलं वाचतील. नंतर त्यांना 2024 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि माझ्याकडचा गठ्ठा जसाच्या तसा आहे! झालं ते वेगळंच. स्वीडनमध्ये स्तनांच्या एक्स-रेवर मोठी चाचणी झाली, 80,000 हून अधिक स्त्रियांची. तिकडे प्रत्येक मॅमोग्राम दोन डॉक्टर वाचतात. चाचणीतल्या अर्ध्या स्त्रियांच्या बाबतीत यंत्रानं आधी धोक्याचा गुण दिला, कमी धोक्याच्या फिल्म एकाच डॉक्टरनं वाचल्या आणि जास्त धोक्याच्या दोघांनी. 2023 मध्ये निकाल छापून आला. वाचनाचं काम 44 टक्क्यांनी कमी झालं आणि कर्करोग सापडले 244, जुन्या पद्धतीत 203. डॉक्टर हटले नाहीत, त्यांचे डोळे कुठे खर्च करायचे ते बदललं. माझ्याकडेही असं काही असतं तर तुमच्या आजोबांची फिल्म सकाळी सगळ्यात आधी उघडली असती.

प्रतिसाद 2: आकडेमोड

मी वैद्यकातला नाही. प्रतिमा ओळखणारी मॉडेल तयार करणाऱ्या टीममध्ये काही वर्षं होतो. वेणीचा किस्सा वाचून हसू आलं आणि लाजही वाटली.

एक्सरे_खोली, तुम्ही फिल्मच्या कोपऱ्यात डावं-उजवं दाखवणारा धातूचा मार्कर ठेवता ना? 2018 मध्ये एक अभ्यास छापून आला. न्यूमोनिया ओळखायला शिकवलेलं मॉडेल वेगवेगळ्या रुग्णालयांच्या एक्स-रेवर तपासलं होतं. मॉडेलला फिल्म कुठल्या रुग्णालयातून आली हे जवळजवळ बिनचूक ओळखता येत होतं आणि त्यासाठी ते ज्या ठिकाणांकडे बघत होतं त्यात तुमचा तो मार्करही होता. एका रुग्णालयाच्या फिल्ममध्ये न्यूमोनियाचं प्रमाण 34 टक्के, बाकीच्या दोन ठिकाणी 1 टक्क्याच्या आसपास. मग काय, रुग्णालय ओळखलं की अर्धं उत्तर आलंच. फुप्फुस बघायची गरज काय! प्रश्नपत्रिका काढणारे मास्तर कोण ते बघून, अभ्यास न करताच उत्तरं लिहिणारा विद्यार्थी आठवतो का, तसंच.

म्हणून तुमच्या खोलीतल्या फिल्मवर, तुमच्या मशीनवर, तुमच्या मार्करसकट तपासल्याशिवाय कुणाच्याही टक्केवारीवर विश्वास ठेवू नका. रिपोर्ट आधीच आलेल्या 200-300 जुन्या फिल्म काढा, त्यातल्या निम्म्या तरी आजारी लोकांच्या असू द्या, आणि यंत्राला वाचायला द्या. विक्रेता कुरकुरला तर समजा, करायलाच हवं होतं.

आणखी एक, थोडं विषयांतर. यंत्राला आपण काय मोजायला सांगतो हेही तपासावं लागतं. अमेरिकेत जास्त काळजीची गरज कुणाला आहे हे ठरवणारी एक प्रणाली होती. तिनं गरजेच्या जागी पुढे होणारा उपचाराचा खर्च मोजला. कृष्णवर्णीय रुग्णांवर तेवढ्याच आजारात कमी खर्च होत होता, म्हणून यंत्राला ते कमी आजारी वाटले. 2019 मध्ये संशोधकांनी दाखवलं की ही चूक दुरुस्त केली तर जादा मदत मिळणाऱ्यांतलं त्यांचं प्रमाण 17.7 वरून 46.5 टक्क्यांवर जातं. गणितात चूक नव्हती. प्रश्नच चुकीचा विचारला होता.

प्रतिसाद 3: वेटिंग_रूम

पेशंट म्हणून लिहिते. माझ्या एका तपासणीचा निकाल डॉक्टरांच्या आधी माझ्या मोबाईलवर आला. रात्री साडेअकराला. एक लांबलचक शब्द आणि त्यापुढे उद्गारचिन्ह. सकाळपर्यंत मी मुलांना काय सांगायचं याची तयारी केली होती. निघालं काहीच नाही.

ताई, तो लाल डाग मला दिसला तरी चालेल. पण तो दिसल्यावर पुढची 10 मिनिटं कुणीतरी माझ्याशेजारी बसायला हवं. स्क्रीन फिरवून ठेवलीत तरी तुमचा चेहरा आम्ही वाचणारच, त्याला इलाज नाही.

एक्सरे_खोली

सगळ्यांचे आभार. सावली सर, 12 पैकी 1 चा हिशोब कागदावर लिहून खोलीत चिकटवलाय. साहेबांनी विचारलं, हे काय? म्हटलं, 11 जणांची माफी.

मार्करचं वाचून मात्र मी चाटच पडले. इतकी वर्षं तो मार्कर सरळ ठेवण्यावरून शिकाऊ पोरांना ओरडत आलेय. त्याच्याकडे कुणी एवढं लक्ष देऊन बघत असेल असं वाटलं नव्हतं.

एक भीती आधी लिहायची राहिली. आमच्याकडे नुकतीच लागलेली एक मुलगी आहे, हुशार आहे. चाचणीच्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की चौथ्या दिवसापासून ती फिल्म आधी बघेनाशी झाली. थेट गुणाकडे नजर. 20 च्या खाली असला की "पुढचा पेशंट". एका फिल्ममध्ये पेशंट तिरका उभा होता, खांद्याची पाती फुप्फुसावर आलेली, श्वासही अर्धाच घेतलेला. तशी फिल्म मी कधी पुढे जाऊ दिली नसती. यंत्रानं 12 गुण देऊन पास केली आणि तिनंही. वेणी निदान डाग तरी पाडते. अर्ध्या श्वासाच्या फिल्ममध्ये जे झाकलं गेलं ते कुणालाच कळत नाही. तिला रागावू कशी? चौथ्या दिवशी माझीही नजर आधी तिकडेच जात होती.

प्रतिसाद 4: काळी_पांढरी_सावली

ही भीती खोटी नाही. पोलंडमधल्या 4 केंद्रांचा एक अभ्यास 2025 मध्ये आला, मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीचा. तिथे यंत्र डॉक्टरांना गाठी दाखवून देतं. यंत्र येण्याआधी डॉक्टर स्वतः 28.4 टक्के तपासण्यांत गाठी शोधत होते. यंत्राची सवय झाल्यावर त्याच केंद्रांमध्ये यंत्राशिवाय केलेल्या तपासण्यांत हे प्रमाण 22.4 टक्क्यांवर आलं. निरीक्षणाचा अभ्यास आहे, कारणं इतरही असू शकतील. पण मला त्यात माझाच चेहरा दिसला.

मी स्वतःपुरता एक नियम केलाय. आधी फिल्म, मग माझं मत एका ओळीत, त्यानंतर गुण उघडायचा. सॉफ्टवेअरवाल्यांना सांगून गुण झाकून ठेवता येतो का विचारा. काहींमध्ये ती सोय असते.

प्रतिसाद 5: रात्रपाळी

मी नर्स. सावली सर आणि आकडेमोड यांनी यंत्राच्या डोळ्यांबद्दल लिहिलं, मी पायांबद्दल लिहिते, म्हणजे पेशंटच्या.

मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर होणारा परिणाम ओळखणारं गूगलचं यंत्र थायलंडमधल्या 11 दवाखान्यांत बसवलं तेव्हा तिथल्या नर्सेसबरोबर बसून केलेला अभ्यास 2020 मध्ये आला होता. प्रयोगशाळेत यंत्र फार चांगलं ठरलं होतं. दवाखान्यात मात्र पहिल्या 6 महिन्यांतल्या 1,838 फोटोंपैकी 21 टक्के फोटो त्यानं "वाचता येत नाही" म्हणून परत केले. का? फोटोला खोली अंधारी लागते आणि त्याच खोलीत नर्सची बाकीची कामंही चालू. अंधारात सुई कशी टोचायची? वर फोटो परत आला की पेशंटला तज्ज्ञाकडे पाठवा असा नियम. म्हणजे डोळा चांगला असला तरी एक दिवसाचा खोळंबा आणि प्रवास. हे बघून काही नर्सेस पेशंटना हळूच सांगायच्या, नका भाग घेऊ. एका ठिकाणी इंटरनेट 2 तास बंद पडलं तर 200 ऐवजी 100 च लोक तपासून झाले.

मला त्या नर्सेसचा राग येत नाही. यंत्रानं "पुढे पाठवा" म्हटलं की ते पाठवणं आमच्या अंगावर येतं. पुढे जागा आहे का, माणसाला रजा मिळेल का, सोबत कोण येईल, हे यंत्राला विचारता येत नाही आणि बसवणाऱ्यांनी आम्हाला विचारलेलं नसतं.

तुमच्या आजोबांच्या बाबतीत काय घडलं ते पुन्हा बघा. यंत्र होतं, पण डबीही होती, डॉक्टर हाकेच्या अंतरावर होते आणि लॅब उघडी होती. दुपारी 3 ला आले असते तर?

एक्सरे_खोली

रात्रपाळी ताई, तुमचा शेवटचा प्रश्न घेऊन काल थेट साहेबांकडे गेले. चाचणीच्या आठवड्यातले 60 च्या वर गुण आलेले सगळे पेशंट रजिस्टरमधून काढले होते. 14 निघाले. त्यातले 6 सकाळी आलेले, सहाच्या सहा जणांचा बेडका त्याच दिवशी गेला. 8 जण लॅब बंद झाल्यावर आलेले. त्यांना दुसऱ्या दिवशी या म्हणून सांगितलं होतं. आले 3.

साहेबांनी तो कागद बराच वेळ धरून ठेवला. ते वाईट माणूस नाहीत, पण त्यांना सॉफ्टवेअर विकत घ्यायचं होतं आणि मी लॅबची वेळ मागत होते. म्हणाले, सॉफ्टवेअरसाठी मंजुरी आहे, लॅबच्या जादा माणसासाठी नाही. मी म्हटलं, मग दुपारी पेशंटनं भरलेली डबी ठेवून घ्यायची सोय तरी करा. फ्रीज आहे, कुलूप आहे, सकाळी लॅबवाला आला की आधी तीच घेईल. यावर ते लॅबच्या डॉक्टरांशी बोलणार आहेत. त्यांनी हो म्हटलं तरच हे पुढे सरकेल.

त्या 5 जणांना मीच फोन लावतेय. निदान सांगायचं नाही हा नियम पाळून, "एक तपासणी राहिली आहे" एवढंच. आतापर्यंत दोघांनी उचलला. एक उद्या येतोय. दुसऱ्यानं विचारलं, "ताई, काही वाईट आहे का?" मी गप्प राहिले आणि फोनवर चेहरा दिसत नाही याचं आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं. तो म्हणाला, येतो.

आकडेमोड, जुन्या फिल्म काढायला घेतल्यात, 130 झाल्या. वेणीवाल्या वेगळ्या ठेवल्या आहेत. त्या यंत्राला दाखवू का, की तसं करणं फसवणूक ठरेल?

प्रतिसाद 6: आकडेमोड

दाखवा. सगळ्यात आधी त्याच दाखवा.